दोन टक्क्यांतली वाडी

संध्याकाळी सहाच्या पुढे सड्यावर दुचाक्या लागू लागतात. कणकवली आणि देवगड यांच्या मधला हा भाग. वर सपाट काळा कातळ, कमरेएवढं गवत, मधूनमधून काजूची कलमं. खाली खोऱ्यात माड-पोफळीत दडलेल्या वाड्या. घरात फोन लागत नाही म्हणून माणसं वर येतात. कातळाच्या एका टोकाला एक गृहस्थ बँकेतल्या कुणाशी तरी हप्त्यावरून जोरात वाद घालताहेत. दुसऱ्या टोकाला एक मुलगी पाठमोरी उभी राहून हळू बोलते आहे. तिच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. एका आजोबांना नातवाने गाडीवर बसवून आणलंय, विरारच्या मुलीशी बोलायला. आजोबा फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून ओरडतात, "आयकूक येता मां?" आणि विरारमध्ये नेमकं काय चाललंय ते सगळ्या सड्याला कळतं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'संपर्क' असा कळवला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा माणसामाणसांतल्या दुराव्यावर काहीतरी असावं. मी मोबाइलच्या नेटवर्कवर लिहितो म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले. पण सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या उत्तरार्धात फिरलो तेव्हा ओटीवर, एसटीत, रेशन दुकानात, भजनाच्या मंडपात हा विषय मला काढावाच लागला नाही. तो आपोआप निघत होता, आणि निघाला की तासभर थांबत नव्हता.

एक गोष्ट आधीच सांगतो. लोकांनी मला ज्या तक्रारी सांगितल्या, त्यांत कंपन्यांची नावं होती. ती मी गाळली आहेत. एका वाडीत जिला शिव्या बसतात, त्याच कंपनीचं कार्ड दोन डोंगर ओलांडल्यावर 'सगळ्यात बरा' ठरतं. नावं छापली असती तर लेख कंपन्यांच्या भांडणाचा झाला असता.

टावर दिसतो, फोन लागत नाही

"तो बघा टावर," एका शिक्षकांनी पडवीतून बोट दाखवलं. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर लाल-पांढरा मनोरा स्पष्ट दिसत होता. "रात्री त्याचा दिवा दिसतो. रेंज मात्र दिसत नाही."

यात गूढ काही नाही. टॉवरवर साधारण तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवलेल्या असतात, आणि कुठली अँटेना कुठे, किती खाली झुकवायची हे कागदावर ठरतं. ठरवणारा पाहतो की माणसं कुठे आहेत, म्हणजे पैसे कुठे आहेत. कोकणात ती बाजारपेठेत आहेत, महामार्गावर आहेत, रेल्वे स्टेशनाच्या आसपास आहेत. शिक्षकांच्या वाडीत चाळीस-पंचेचाळीस उंबरे, त्यातली निम्मी घरं गणपतीपुरती उघडणारी. तेव्हा अँटेनांची तोंडं पलीकडे वळलेली असणार.

लहरींचाही स्वभाव असतो. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात, चिऱ्याच्या भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त माहिती वाहतात, पण दम लवकर टाकतात. ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी तर त्याहून नाजूक. शहरात टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे हा फरक जाणवत नाही. सड्याच्या पोटात वसलेल्या वाडीला जाणवतो. डोंगराची सावली पडावी तशी लहरींचीही पडते, आणि कोकणातली जुनी वस्ती पाण्याच्या सोयीने बरोबर त्या सावलीतच वसलेली आहे.

"त्येचो आवाज माका येता, माझो त्येका जाणा नाय," ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली की तिचं कारण विचारून घेतलं. टॉवर दहा-वीस वॉटच्या जोरावर बोलतो. आपला फोन जास्तीत जास्त सुमारे पाव वॉटवर उत्तर देतो, त्याहून जास्त त्याला परवानगीही नाही आणि बॅटरीलाही झेपणार नाही. काठावरच्या घरात टॉवरचं बोलणं पोचतं, फोनचं उत्तर वाटेत विरतं. दिसायला रेंजच्या दोन काड्या असतात. त्या काड्यांनाही फारसा अर्थ नाही. किती जोराच्या संकेताला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, म्हणून शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या एकाच कंपनीच्या कार्डांवर वेगळ्या काड्या दिसतात आणि भांडण लागतं की कुणाचा फोन चांगला.

आणि पूर्ण काड्या असूनही नेट चालत नाही, तेव्हा दोष बहुधा टॉवर आणि फोन यांच्या मधल्या हवेत नसतो. तो टॉवरच्या मागे असतो.

मागच्या बाजूला

टॉवरच्या मागे काय असतं ते दाखवणारा एक तंत्रज्ञ भेटला. मोटारसायकलवर फिरतो, डिकीत हातमोजे, मीटर, फ्यूज आणि जेवणाचा डबा. त्याच्याकडे तालुक्यातले बरेच टॉवर आहेत. आठवडाभर अंगावर रेनकोट वाळलेला नाही. लोक त्याला 'टावरवाला' म्हणतात आणि कंपनीचा माणूस समजून त्याच्यावर खेकसतात. तो मोबाइल कंपनीचा नाहीच. टॉवर उभारून भाड्याने देणारी कंपनी वेगळी, तिने देखभालीचं कंत्राट ज्याला दिलंय तो वेगळा, आणि हा त्या कंत्राटदाराचा माणूस.

कुंपणाच्या आत गेलो की एक लोखंडी कपाट, त्यात कंपन्यांची यंत्रं, बाजूला बॅटऱ्या, एका कोपऱ्यात डिझेल जनरेटर. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना. वीज महावितरणची. ती गेली की बॅटरी. बॅटरी नवी असेल तर काही तास, जुनी असेल तर तासाभरातच मान टाकते. मग डीजी, म्हणजे जनरेटर. त्यात डिझेल असायला हवं, ते कुणीतरी कॅनमधून वर न्यायला हवं, आणि पावसात घाटीचा कच्चा रस्ता वाहून गेला की डोक्यावरून न्यायला हवं. बॅटऱ्यांची चोरी होते, डिझेलचीही होते. "गावातलेच नेतत, आणि रेंज गेली की गावातलेच माका फोन करतत," तो म्हणाला. मग स्वतःच हसला, "फोन लागलो तर."

एवढं सगळं नीट असलं तरी टॉवरपर्यंत माहिती पोचायला वाट हवी. रस्त्यालगतच्या टॉवरला जमिनीखालून फायबर असते. डोंगरातल्या टॉवरला ती नसते. तिथे एका टॉवरवरून दुसऱ्यावर गोल थाळीसारख्या अँटेनांतून लहरी उडी मारतात, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. त्यामुळे मुख्य टॉवर बंद पडला की त्याच्या मागची सगळी साखळी मुकी होते. वाडीतल्या माणसाला डोंगरावरचा दिवा लुकलुकताना दिसतो, वीजही असते, आणि फोन मात्र मेलेला. बिघाड वीस-पंचवीस किलोमीटरवर कुठेतरी जेसीबीने फायबर तोडल्याचा असतो. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण किती वर्षं चाललंय हे कोकणी माणसाला सांगायला नको. रस्ता, गटार, नळयोजना, प्रत्येक जण खणतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याची तार तोडतो. खणण्याआधी खाली काय आहे ते कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप आणलं. ठेकेदाराच्या जेसीबीवाल्याला मी त्याबद्दल विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

वादळात हे सगळं एकदमच कोसळतं. जून २०२०मधल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडची किनारपट्टी आणि मे २०२१मध्ये तौक्तेने इथला किनारा झोडपला, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि पाठोपाठ फोन गेले. मुंबईतला मुलगा बातम्या बघतोय आणि देवगडची आई जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, अशी अवस्था घरोघरी होती. त्या दिवसांबद्दल लोक पत्रे उडाल्याचं सांगतात, कलमं मोडल्याचं सांगतात, आणि त्यानंतर लगेच फोन लागत नव्हते हे सांगतात.

टॉवर नको म्हणणारेही भेटले, हे नोंदवायला हवं. घराजवळ उभारू देणार नाही, किरणांनी आजार होतात, असं ठामपणे सांगणारे. भारतात सप्टेंबर २०१२पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांश ठेवलेली आहे, हे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. त्याच गृहस्थांनी पाच मिनिटांनी घरात रेंज नसल्याची कैफियत मांडली. शिवाय ज्या सड्यावर टॉवर सोयीचा, ती जमीन सातबाऱ्यावर सतरा जणांच्या नावावर, त्यातले बारा मुंबईत आणि दोन एकमेकांशी न बोलणारे. भाडं कुणी घ्यायचं यावर टॉवर अडलेला आहे.

अंगठा, ओटीपी, हजेरी

पंधरा वर्षांपूर्वी रेंज नसणं ही गैरसोय होती. आता सरकारी कामाचा जवळजवळ प्रत्येक दरवाजा मोबाइलच्या पडद्यातून उघडतो, म्हणून रेंज नसणं म्हणजे त्या दाराबाहेर उभं राहणं.

रेशन दुकानदाराकडे ई-पॉस यंत्र असतं. त्यावर अंगठा लावायचा, यंत्र सर्व्हरला विचारणार, सर्व्हर हो म्हणणार, मग तांदूळ. यंत्रातल्या कार्डाला रेंज नसेल तर तांदूळ समोर पोत्यात आणि माणूस समोर पिशवी घेऊन उभा, मधला होकार मात्र यायचा बाकी. मला भेटलेल्या दुकानदाराने तोडगा काढलाय. महिन्यातले ठरावीक दिवस तो यंत्र घेऊन वरच्या फाट्यावर बसतो. म्हाताऱ्या बाया अंगठा द्यायला चढ चढून वर येतात आणि तांदूळ न्यायला पुन्हा खाली दुकानात जातात. "कायद्यात बसता की नाय माका म्हायत नाय," तो म्हणाला, "पन पोटात बसता."

रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३पासून अ‍ॅपवर हजेरी बंधनकारक झाली, दिवसातून दोनदा फोटोसकट. अंगणवाडी सेविकेला मुलांची वजनं, उंची, हजेरी सगळं पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये भरायचं असतं. एका सेविकेने मला तिची वही दाखवली. आधी वहीत लिहायचं, मग घरी जाताना फाट्यावर थांबून फोनमध्ये भरायचं, 'सबमिट' होईपर्यंत एसटी निघून गेलेली. शेतकऱ्याने ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा. त्याचं ठिकाण उपग्रहावरून कळतं, त्याला रेंज लागत नाही. पण तो वर पाठवायला लागते. म्हणून फोटो भातात आणि अपलोड सड्यावर.

सप्टेंबर २०२५मध्ये 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा ओटीपीचा खेळ सुरू झाला. ओटीपी काही मिनिटंच जिवंत असतो. आधारला जोडलेला नंबर बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा, फोन त्याच्याजवळ, तो गोव्यात कामाला. त्याला फोन करून ओटीपी विचारायचा तर आधी आपल्याला रेंज हवी. एका काकींनी हे सगळं मला इतक्या बारकाईने समजावून सांगितलं की मंत्रालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याने त्यांना बोलावून घ्यावं. शेवटी त्या म्हणाल्या, "यक कागद देवा, अंगठो घेवा. पयला तसाच होता ता काय वायट होता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे रेंज नाही तिथे कागद चालेल, एवढी साधी तरतूद प्रत्येक योजनेत असायला काय हरकत आहे, हे मला अजून समजलेलं नाही.

गणपतीत

२०२५मध्ये २७ ऑगस्टला गणपती आले. त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून गाड्या भरून चाकरमानी उतरू लागले. वाडीत एरवी साठ माणसं, ती एकदम तीनशेवर गेली. जिथे थोडीफार रेंज होती तिथे तीही बसली.

टॉवरची क्षमता ठरलेली असते. त्याच्या वाट्याचं स्पेक्ट्रम तेवढंच, मागची वाट तेवढीच, आणि ते सगळ्यांत वाटलं जातं. त्या दिवसांत प्रत्येक घरात आरतीचं चित्रण ठाण्याला, डोंबिवलीला, दुबईला जात असतं. शहरातून आलेल्या पोरांच्या हातांत ५जीचे फोन, त्यांना वाटतं कंपनी फसवतेय. कंपन्या कुंभमेळ्यासारख्या ठिकाणी चाकांवरचे तात्पुरते टॉवर नेऊन उभे करतात. कोकणातली गर्दी मात्र हजारो वाड्यांत पसरलेली असते. ती एका मैदानावर येत नाही, म्हणून मोजणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही.

याच गर्दीत एक नवी आशाही दिसली. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत काम करणारा तरुण दीड दिवसाचा गणपती झाल्यावरही थांबला होता. घरात रेंज नाही, पण ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आली आहे आणि तिथून एका स्थानिक केबलवाल्याने खांबाखांबावरून तार ओढून दिली आहे. त्यावर वाय-फाय, वाय-फायवरून कॉल. "महिन्यातले पंधरा दिवस इथून काम करता आलं तर घराला कुलूप लागणार नाही," तो म्हणाला. त्याची आई आतून म्हणाली, "तार तुटली काय परत पुण्याक जातलो." तार तुटतेच, माडाची झावळी पडली तरी तुटते. पण या घरातही बोलणं वेगाबद्दल नव्हतं. मी फिरलो त्या कुठल्याच घरात ते नव्हतं. कुणी मला म्हणालं नाही की आम्हाला ५जी हवं. लोकांना फोन लागायला हवा आहे, लागला की मध्येच तुटायला नको आहे, आणि बंद पडला तर केव्हा सुरू होईल हे सांगणारं माणूस हवं आहे.

तीन कार्डांचं घर

कोकणी माणसाने यावर स्वतःचा उपाय काढला आहे. घरात वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं ठेवायची. एका वैनींनी हिशेब सांगितला: बाजारात हे कार्ड, न्हाणीच्या मागे उभं राहिलं तर ते, आणि माहेरी गेल्यावर तिसरं. फोनमध्ये दोन कार्डं बसतात, तिसरं बटव्यात.

जुलै २०२४पर्यंत हे परवडत होतं. त्या महिन्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, साधारण ११ ते २५ टक्क्यांनी. कार्ड नुसतं जिवंत ठेवायचं तरी रिचार्ज मारावा लागतो, आणि त्या रिचार्जमध्ये रोजचा डेटा गळ्यात बांधलेला असायचा. साध्या बटणाचा फोन वापरणारी आजी दिवसाला एक-दीड जीबी विकत घेत होती. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलून नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना भाग पाडलं. असा पॅक असतो हे मला भेटलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. रिचार्ज मारणाऱ्या दुकानदाराला माहीत होतं. त्याने सांगितलं नव्हतं.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११पासून आहे. १९००ला 'पोर्ट' असा संदेश पाठवायचा, येणारा आठ अक्षरांचा कोड नव्या कंपनीला द्यायचा. लोक याला सरळ 'पोर्ट मारणं' म्हणतात. कंपनीला धडा शिकवायचं ग्राहकाच्या हातातलं हे एकमेव हत्यार. पण जिथे एकाच कंपनीची कशीबशी रेंज येते, तिथे ते हत्यार बोथट आहे. पोर्ट मारून जायचं कुठे?

पुन्हा सरकारी फोनकडे

२०२४च्या दरवाढीनंतर लोक एका दिशेला मात्र निघाले. त्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि बीएसएनएलला सुमारे २९ लाख नवे मिळाले. स्वस्त म्हणून गेले, आणि आपला म्हणूनही गेले. ऑक्टोबर २००२मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा कार्डासाठी रांगा लागल्या होत्या. कोकणातल्या डोंगरावर पहिला टॉवर बऱ्याच ठिकाणी त्यांचाच होता.

पण गेलेल्यांपैकी अनेकांना टिकणं जमलं नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा घटले. कारण उघड होतं. खासगी कंपन्या ५जी विकत असताना बीएसएनएल बहुतेक भागात ३जीवर होती. मार्च २०२०मध्ये ४जीसाठी निविदा निघाली होती, ती गलवानच्या संघर्षानंतर चिनी सामग्रीच्या प्रश्नावरून रद्द झाली. मग ठरलं की यंत्रणा देशातच घडवायची. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सरकारी संशोधन संस्था सी-डॉट यांनी ती उभी केली, २०२३मध्ये सुमारे एक लाख टॉवरांचं काम सोपवलं गेलं. दरम्यान जानेवारी २०२०च्या अखेरीस ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले होते, जवळजवळ निम्मे. फायबर कुठून जाते, कुठल्या पुलाखाली जोड आहे, हे ज्यांच्या डोक्यात होतं ती माणसं घरी गेली. नकाशे त्यांच्याबरोबर गेले असं म्हणायला हरकत नाही.

हा लेख पुरा होत असताना, २७ सप्टेंबर २०२५ला, पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुडा इथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन केलं. साडेसत्याण्णव हजारांवर टॉवर, खर्च सुमारे ३७ हजार कोटी रुपये. वेगाच्या शर्यतीत हे उशिरा आलेलं पाऊल आहे. पण डोंगरातल्या वाडीला शर्यतीत रस नाही, आणि ७०० मेगाहर्ट्झची लांब जाणारी लहर बीएसएनएलकडे आहे. ज्या गावांत कुठल्याच कंपनीचा टॉवर नव्हता, तिथे सरकारी निधीतून ४जी पोचवण्याची योजना २०२२मध्ये मंजूर झाली. तिचे टॉवर सड्यासड्यांवर उभे राहताना दिसतात. काही उभे आहेत आणि सुरू व्हायचे आहेत. "टावर उभो ऱ्हवलोसा, पन बोलणा नाय," अशी त्यांची कीर्ती आहे.

मला सगळ्यात आशेची वाटते ती यातली एक कमी गाजलेली गोष्ट. जानेवारी २०२५मध्ये केंद्राने ठरवलं की डिजिटल भारत निधी या सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांपैकी कुणाचाही ग्राहक बोलू शकेल. असे टॉवर देशात सुमारे २७ हजार आहेत. तंत्र नवं नाही. फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं लिहून येतं, त्याचा अर्थ आपल्या कंपनीचा टॉवर नाही पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि ११२ लावला तर तो टॉवर कॉल घेतो. संकटात जे चालतं ते एरवीही चालवता येतं. वाडीला एक टॉवर पुरतो, चार कंपन्यांचे चार कशाला? उरलेल्या टॉवरांनाही हेच लागू केलं तर वैनींच्या बटव्यातलं तिसरं कार्ड सुटेल.

तक्रार करायची कुठे

तक्रार करायला १९८ आहे. फोन लागत नाही ही तक्रार फोन लावून करायची असते, हा विनोद प्रत्येक गावात कुणीतरी मला नव्याने सांगितला. सड्यावर जाऊन लावला तर भाषा निवडा, एक दाबा, नऊ दाबा, आणि अखेर एक तरुण आवाज: फोन बंद करून पुन्हा चालू करा. तक्रार नोंदली गेली की क्रमांक मिळतो, तो जपून ठेवायचा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. ट्राय एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. विम्यासाठी, बँकांसाठी लोकपाल आहे, दूरसंचारासाठी नाही.

ट्रायने एकदा कडक होऊन पाहिलं होतं. तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम केला होता. मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये मात्र स्पष्ट केलं की मोबाइल ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं. हा रस्ता उघडा आहे. फक्त तिथे सिद्ध करावं लागतं, आणि रेंज नव्हती हे सिद्ध कसं करायचं?

इथेच मोजमापाचा प्रश्न येतो. मोबाइल परवान्याचा 'महाराष्ट्र' विभाग म्हणजे मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. या एवढ्या प्रदेशाची सरासरी काढली की पुणे, नागपूर, पणजी मिळून वाडीला झाकून टाकतात. ट्रायच्या चाचणीची गाडी रस्त्याने फिरते, आणि रस्त्यावर रेंज असतेच. फोन मात्र माजघरात असतो. तुटणाऱ्या कॉलचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं, हा बऱ्याच वर्षांचा निकष. बंद राहणाऱ्या टॉवरांसाठीही २ टक्क्यांचीच मुभा चालत आली. कागदावर हे कडक दिसतं. पण त्या दोन टक्क्यांत दर महिन्याला तेच टॉवर असतात, कारण घाटी तीच, बॅटरी तीच आणि वीज जाणारी तारही तीच. कंपनी पास होते. वाडी बारा महिने नापास राहते.

ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या नियमांनी दोन बऱ्या गोष्टी केल्या. कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. आणि सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यावी लागते. मात्र ही भरपाई मोजली जाते ती जिल्हा पातळीवर. अख्खा जिल्हा बंद पडला तर तो खंड, एका डोंगरावरचा टॉवर आठ दिवस बंद राहिला तर तो खंड नाही. ही मोजणी टॉवरपर्यंत खाली आणायला हवी. कुठला टॉवर किती तास बंद होता हे कंपनीच्या यंत्रणेत मिनिटामिनिटाला नोंदलेलं असतं. ते लपवण्यासारखं काही नाही, छापण्यासारखं आहे.

तोवर, दिवाळीला गावी जाल तेव्हा एवढं करा. घरात, ओटीवर, उभे राहा आणि कंपनीच्या नकाशात आपली वाडी शोधा. नकाशात रंग आहे आणि हातातल्या फोनवर काही नाही, तर दोन्हींचे फोटो तारीख-वेळेसह काढा, १९८वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा, आणि उत्तर आलं नाही तर अपील करा. शेजारच्या चार घरांनाही करायला लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर नुसत्या बोलण्याचा पॅक आहे का तेही बघा. दुकानदार आपण होऊन सांगणार नाही.